सरांची पाठ

५ जानेवारी, रविवार

परत अडकला.

काळा बॉल पॉकेटच्या तोंडाशी. नुसती फुंकर मारली असती तरी पडला असता. पांढरा हातभर लांब, सरळ रेषेत. असा पॉट आईसुद्धा मारेल, आणि आईने आयुष्यात लाटण्याशिवाय दुसरी काठी हातात धरलेली नाही. वाकले. हनुवटी क्यूवर. मागे-पुढे, मागे-पुढे, मग थांबले, श्वास घेतला — आणि मागे नेलेला हात पुढे येईचना! कोपरापासून खाली हात माझा नव्हताच. रेफरी खाकरला. मी अजून तशीच वाकलेली. शेवटी काय झालं कळलं नाही, हात झटका बसल्यासारखा उडाला, काळा राहिला जागेवर आणि पांढरा गेला पॉकेटात.

स्नूकरची जिल्ह्याची सेमीफायनल. समोर मिनल, जिला मी मागच्या वर्षी सहज हरवलं होतं. हात मिळवताना ती माझ्याकडे बघेना. मला कसलातरी आजार झालाय आणि तो तिला लागेल, असा चेहरा केला होता तिने.

हेमाली रिक्षात काही बोलली नाही. हेमाली गप्प बसली म्हणजे प्रकरण गंभीर आहे. लहानपणापासून समोरच्या दारात राहते, खाली तिचं दुकान आहे, मी तिला गप्प बसलेली तिचे आजोबा वारले तेव्हा उठावण्यालाच पाहिलंय.

नेटवर बघितलं. यिप्स म्हणतात म्हणे ऐन वेळी हात असा अडकण्याला. क्रिकेटवाल्यांना होतं, गोल्फवाल्यांना होतं. का होतं ते कोणालाच माहीत नाही. छान!

६ जानेवारी, सोमवार

ऑफिसात माऊस धरला होता, तर हाच हात मऊ लोण्यासारखा चालत होता. गद्दार.

११ जानेवारी, शनिवार

आज सरांच्या क्लबवर सकाळपासून. पॉटवर पॉट, पॉटवर पॉट. नुसता सराव असला तर दहात एकदा अडकतो. कोणी बघत असलं की दर दुसऱ्या शॉटला.

उत्तम सर नेहमीसारखे टेबलच्या पलीकडे, माझ्या क्यूच्या बरोबर समोर उभे. आपला क्यू सरळ जातोय की वाकडा, हे खेळणाऱ्याला दिसत नाही. समोर उभं राहणाऱ्यालाच दिसतं. म्हणून समोर कोण उभं राहतं याला फार किंमत असते. ते म्हणतील ‘सरळ’ तर सरळ. कॉलेजात असल्यापासून मी माझ्या डोळ्यांपेक्षा त्यांच्या डोळ्यांवर खेळलेय.

आणि त्यांचं एकच — मारायच्या आधीचा थांबा. “क्यूच्या चार फेऱ्या मागे-पुढे, मग थांबा, एक श्वास, मग मार.” सगळा महाराष्ट्र या थांब्यावरून मला ओळखतो. उत्तमची पोरगी, थांबून मारते. आज म्हणाले, “थांबा कमी पडतोय. अजून अर्धा श्वास थांब.” थांबले. अजून वाईट अडकला.

दुपारी तिन्ही टेबलं ब्रश केली, टेबलांच्या स्लेटच्या जुन्या जड पाट्या भिंतीकडे ओढल्या. हे माझं काम. सरांची पाठ धरलेली ना! याच पाठीने त्यांचा खेळ गेला. स्टेट चॅम्पियन असताना, ऐन भरात. वाकता येईना म्हणून क्यू ठेवला तो ठेवलाच. त्यानंतर कोणी त्यांना एक बॉल मारताना पाहिलेलं नाही.

निवड चाचणी फेब्रुवारीच्या शेवटी. पहिल्या चौघी राज्याच्या टीममध्ये. दिवाळीत आईशी ठरलंय — आले तर ती खेळावरून कधी एक अक्षर बोलणार नाही, नाही आले तर क्यू माळ्यावर, आणि ती बघेल ती मुलं मी मुकाट्याने बघायची. तिशी उलटली, आता माझ्याकडे तरी कुठे दुसरं उत्तर आहे?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आईने सरांसाठी तिळाचे लाडू आणि नारायण तेलाची बाटली दिली. दर थंडीत देते. “पाठीला गरम करून लावायला सांग, नुसतं फासतात पुरुष.” सरांनी लाडू तिथेच खाल्ला. बाटली खिडकीत ठेवली, जुन्या बाटलीशेजारी.

मग माझ्या क्यूच्या टोकाची चामड्याची टिप बघितली. दगड झालीय म्हणाले, बदल. मी म्हटलं, बसवा की. तर म्हणे, “काशीगावला जयकुमारकडे जा. तो बसवून देईल.” मी बघतच राहिले. माझी प्रत्येक टिप आजवर यांनीच बसवलीय, दुसऱ्या कोणाला क्यूला हात लावू देत नाहीत. मी तसं म्हटलं, तर पाठ फिरवून हिशेबाला बसले. “वाकवत नाही आता फार. जा म्हटलं ना.”

१९ जानेवारी, रविवार

निदान लिहिताना तरी हात अडकत नाही.

काशीगावला गेले. जयकुमारकाकांचं हायवेला टाइल्सचं दुकान. एके काळी सरांबरोबर डबल्स खेळायचे. आता पोट सुटलंय, गल्ल्यामागे क्यू आवळून धरायला छोटा वाइस ठेवलाय, हौसेने टिपा बसवून देतात. माणूस चांगला, पण पोटात काही राहत नाही. टिप घासता घासता सुरू — कोण कुठे सेटल झाला, कोणाची बायको सोडून गेली. मग मला म्हणाले, तुझा हात अडकतो असं ऐकलं, खरं का? मी हो म्हटलं. तर मान हलवत, अगदी सहज, चहा मागवावा तसं बोलले —

“उत्तमचापण असाच गेला ना हात.”

मी म्हटलं, हात नाही काका, पाठ. ते हसले. कसली पाठ! त्या पाठीवर त्याने माझ्या दुकानात सिमेंटच्या गोण्या उतरवल्यात. हात गेला होता त्याचा. फायनलमध्ये निळ्या बॉलवर वाकला तो वाकलेलाच, लोकांना वाटलं खरंच उसण भरली. त्याने पण तेच धरून ठेवलं. सहा महिने लपूनछपून सगळं करून बघितलं, मग तो थांबा शोधून काढला. चार फेऱ्या, श्वास, मार. थोडे दिवस चालला. मग थांबा पण अडकला.

मी विचारलं, थांबा त्यांनी आजार झाल्यावर काढला?

“नाहीतर काय! चांगल्या हाताला कशाला लागतो थांबा?”

टिप घेतली. पैसे दिले की नाही आठवत नाही. हायवे ओलांडून या बाजूला कशी आले तेही नाही.

म्हणजे मला त्यांनी औषध दिलं, आजार नसताना. कॉलेजातली धडधाकट पोरगी, बॉल दिसला की मारायची. तिला शिकवलं — घाबर. मारायच्या आधी थांब आणि घाबर. रोज. इतकी वर्षं. आणि मी ते मेडलसारखं मिरवलं!

आणि ती पाठ! माझ्या आईने तेल पाठवलं त्या पाठीला. मी पाट्या ओढल्या त्या पाठीसाठी.

२० जानेवारी, सोमवार

सुट्टी टाकली. आईला सांगितलं पोट दुखतंय. पाठ म्हणणार होते, तोंडातून निघाला नाही तो शब्द.

२२ जानेवारी, बुधवार

ऑफिसातून थेट क्लबवर. कोणी नव्हतं. बरं झालं.

मी उभ्याउभ्याच विचारलं, तुमची पाठ कशी आहे? सरांनी एकदा माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, खडू ठेवला आणि खुर्चीत बसले. अजिबात न अवघडता बसले. इतकी वर्षं बसताना कण्हणारा माणूस!

मग मी काय काय बोलले, सगळं लिहीत नाही. आवाज चढला होता. ते ऐकून घेत होते. नाकारलं नाही, एवढं मात्र खरं. मध्येच एकदा म्हणाले, “तुझा हात पहिल्यांदा बघितला, तेव्हा घाबरलो. हुबेहूब माझा हात होता, रसिका. मला वाटलं, आधीच बांध घातला तर तुला होणार नाही.”

“मला काही झालंच नव्हतं, सर!”

“मलाही नव्हतं झालं. एक दिवस झालं.”

मी म्हटलं, मग सांगायचं होतंत. थांबा शिकवायच्या आधी सांगायचं — मला हे झालं होतं, तुला होऊ नये म्हणून देतोय, घ्यायचं तर घे. मी ठरवलं असतं. ते खिडकीकडे बघत बसले. तिथे दोन्ही बाटल्या होत्या, नवीन बाटलीचं सील पण तोडलेलं नव्हतं. तेव्हा जास्त रडू आलं, त्या सीलमुळे.

लॉकरमधून क्यू, खडू, टॉवेल, सगळं काढलं. किल्ली टेबलवर ठेवली. त्यांनी थांब म्हटलं नाही. त्या एका वेळी थांब म्हणायचं, तेव्हा नाही!

२३ जानेवारी, गुरुवार

आईला सगळं सांगितलं. मला वाटलं सरांना बोलेल. ती म्हणाली, “म्हणजे तेल वाया गेलं सगळं?” आणि हसायला लागली. मी जेवले नाही. मग खिचडी गरम करून आणली आणि म्हणाली, लाज वाटली असेल गं त्यांना. मी म्हटलं, मला नको त्यांची लाज. तू त्यांच्या बाजूने बोलू नकोस.

२६ जानेवारी, रविवार

हेमालीने जुन्या फोनमधला व्हिडिओ शोधून काढला. कॉलेजची मी. मीरारोडचं ते बारकं स्नूकर पार्लर, जिथे आम्ही दोघी लेक्चर बुडवून जायचो. तोंडात च्युइंगम, कोणाशीतरी अखंड बडबड चाललीय, आणि बडबडता बडबडता वाकतेय आणि ठक्क. पुढचा. ठक्क. थांबा नाही, श्वास नाही, काही नाही. उभं राहायच्या आधीच पुढच्या बॉलकडे निघालेली.

परत परत बघितला. मेलेल्या माणसाचा फोटो बघतात तसा.

हेमाली म्हणाली, वो पार्लर अभी भी है. चल.

१ फेब्रुवारी, शनिवार

मीरारोडच्या शांतीनगरातलं तेच पार्लर. कापड फाटलेलं, एका पॉकेटला जाळीच नाही, बॉल पायावर पडतो. पोरं सिगारेट ओढतात, भोजपुरी गाणी लावतात. आठवडाभर रोज जातेय. हेमाली समोर उभी राहते. तिला क्यूतलं फार काही कळत नाही, पण खोटं बोलत नाही. “टेढा. बहुत टेढा. अभी सीधा. नाही गं, परत टेढा.”

थांबा सोडायचा ठरवलाय. ठरवून सुटत नाही! मी न थांबता मारायचं म्हणते, हात आपोआप थांबतो, आणि थांबला की अडकतो. डाव्या हाताने मारून बघितलं. डोळे मिटून बघितलं, बॉल शेजारच्या टेबलावर गेला. क्यू उलटा धरला. एका पोराने विचारलं, दीदी, पहली बार खेल रही हो क्या?

हो रे बाबा, पहिल्यांदाच.

४ फेब्रुवारी, मंगळवार

काहीच नाही. सर त्या काळी याच जागी पोहोचले असतील. त्यांची कीव यायला लागली होती, लगेच थांबवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

झालं! काहीतरी झालं! नीट लिहिते.

मी वाकलेले, हात मागे जाऊन बसलेला. हेमाली समोरून म्हणाली, सरांना शिव्या घाल. मी म्हटलं, काय? “अगं घाल ना. मारता मारता घाल. मोठ्याने. गप्प राहायचं नाही, तोंड बंद झालं की हात बंद होतो तुझा.” मला हसू आलं. ती अजिबात हसली नाही. म्हणाली, चालू कर.

मी वाकले आणि म्हटलं, तुम्ही ढोंगी आहात! — ठक्क. लाल आत.

दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

तुमच्या पाठीला खरंच उसण भरो! — ठक्क. तुमच्या टेबलांना वाळवी लागो! — ठक्क. माझ्या आईचं तेल परत करा! — ठक्क, आणि काळा कडेला न लागता गेला. पार्लरची पोरं खेळ सोडून बघायला लागली. हेमाली पोट धरून हसत होती — शिव्या देतेय आणि ‘तुम्ही तुम्ही’ काय लावलंय? अरे-तुरे कर ना! प्रयत्न केला. जमेना. जमेना म्हणजे जमेचना, हात परत अडकला. मग पुन्हा ‘तुम्ही’वर आले.

तासभर एकदाही अडकला नाही. घसा बसलाय.

घरी आले तर आईने विचारलं, कोणाशी भांडून आलीस? म्हटलं, सरांशी. ती म्हणाली, भेटलात दोघं? नाही म्हटलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

मॅचमध्ये बोलता येत नाही. ओठ मिटून शिव्या घालायची प्रॅक्टिस सुरू. रिक्षात केली, रिक्षावाला आरशातून बघत होता.

१६ फेब्रुवारी, रविवार

ओठ मिटूनही चालतंय. पण शिवी ताजी लागते. शिळी झाली की हात ओळखतो. म्हणून सकाळी उठून आधी सरांचा गुन्हा आठवते. पहिल्या दिवशी मला म्हणाले होते, “घाई आहे का कुठे जायची?” ती आठवण सगळ्यात चांगली चालते. किती खूश झाले होते मी तेव्हा, कोणीतरी एवढं लक्ष देऊन बघतंय म्हणून. राग येतो. हात सुटतो.

यात बरं वाटण्यासारखं काही नाही, हे मला कळतं. पण चाचणी आठवड्यावर आलीय. बरं नंतर वाटून घेईन.

२३ फेब्रुवारी, रविवार

आले!! चौथी!

शेवटची मॅच मिनलशी, जी जिंकेल ती टीममध्ये. तिला माहीत होतं. माझा शॉट आला की खुर्चीत मुद्दाम हलायची, ग्लास उचलायची, मला जास्त वेळ वाकलेली ठेवायची. शेवटचा डाव शेवटच्या काळ्या बॉलवर आला. तसाच काळा, जानेवारीतल्यासारखा, पॉकेटजवळ. मी वाकले. आतून म्हटलं, सर, तुम्ही ढोंगी आहात. हात थांबल्यासारखा झाला. ती शिवी शिळी होती! मग एकदम ते सील आठवलं, बाटलीचं. एकदा उघडून तरी बघायची होतीत की सर, माझ्या आईने पाठवली होती —

ठक्क.

हेमालीने खुर्चीवर चढून आरडाओरडा केला, तिला बाहेर काढलं.

सर आले नव्हते. बरं झालं. दोनदा दाराकडे बघितलं मी.

२ मार्च, रविवार

नॅशनल्सची तारीख आली, याच महिन्याअखेर. आईने शब्द पाळला, क्यूसाठी नवीन कव्हर शिवलं, माझ्या जुन्या पैठणी ब्लाउजच्या अस्तराचं. पेढे आणले, म्हणाली, सरांना देऊन ये. म्हटलं, जाणार नाही. राग संपवून कसं चालेल? मारू कशाने मग?

तिला हे कळलं नाही. मलाही लिहून बघितल्यावर कसंतरी झालं.

९ मार्च, रविवार

हेमालीच्या पोटातही काही राहत नाही. पेढा खाता खाता बोलून गेली.

शिव्यांची आयडिया तिची नव्हतीच. सरांची. मी क्लब सोडला त्याच आठवड्यात तिच्या दुकानात जाऊन उभे राहिले. म्हणाले, समोर तू उभी राहा, आणि आधी तिचं तिला करू दे. नाहीच झालं तर मला शिव्या घालायला लाव, मोठ्याने. म्हणाले, माझा हातही तसाच सुटला असता, पण मी ज्याला शिव्या घालाव्यात असं कोणी नव्हतं. आणि काशीगाव! सगळ्या टिपा स्वतः बसवणारा माणूस मला जयकुमारकाकांकडे का धाडेल, एवढंही माझ्या टाळक्यात आलं नाही. स्वतःच्या तोंडाने सांगवत नव्हतं, म्हणून ज्याच्या पोटात राहत नाही त्याच्याकडे पाठवलं.

म्हणजे रागसुद्धा माझा नव्हता. तोही त्यांनीच शिकवला!

पार्लरला गेले. वाकले. शिवी शोधली, एक सापडेना. हात मागे गेला आणि तिथेच राहिला.

तशीच उठले, क्लबवर गेले. सर मधलं टेबल ब्रश करत होते, वाकून, व्यवस्थित. मला बघून कमरेवर हात न्यायला लागले, मग नेला नाही. मी खिडकीतली संक्रांतीची बाटली घेतली, सील तोडलं, त्यांच्यासमोर ठेवली.

म्हटलं, “पाठीला नको. हाताला लावा. आणि थोडं मला ठेवा.”